वर्षाच्या मध्यात घरचा आधार तुटला तर: कॉलेज आणि विद्यापीठाकडे तातडीची आर्थिक मदत कशी मागावी

कॉलेजच्या विद्यार्थी विकास कक्षात मदतीचे जे अर्ज येतात, त्यांतले बरेचसे एकाच जागी अडतात. अडचण खरी असते, निधीही थोडाफार असतो. पण अर्जात किती पैसे हवेत ते नसतं, कधीपर्यंत हवेत ते नसतं आणि ज्या घटनेमुळे ही वेळ आली तिचा एकही कागद जोडलेला नसतो. समितीसमोर अर्ज आला की पहिला प्रश्न असतो, "नेमके किती द्यायचे?" उत्तर अर्जात नसेल तर तो पुढच्या बैठकीवर जातो, आणि पुढची बैठक बहुधा परीक्षा उरकल्यावर असते.

हा लेख महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न कॉलेजांत शिकणाऱ्यांसाठी आहे. घरातला कमावता माणूस गेला, अंथरुणाला खिळला, नोकरी सुटली, अतिवृष्टीत पीक वाहून गेलं आणि सत्र अजून अर्धं बाकी आहे, अशांसाठी.

एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्या. शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर ठरलेल्या मुदतीत भरायची असते आणि तिचा पैसा खात्यात यायला महिने जातात. तातडीची मदत कॉलेज किंवा विद्यापीठ स्वतःच्या निधीतून देतं. ती बहुधा एकदाच मिळते, रक्कम लहान असते आणि निर्णय संगणक नाही, माणसं घेतात. म्हणून दोन्हीकडे अर्ज करा, पण एकाचा अर्ज दुसऱ्याच्या टेबलावर नेऊ नका.

## टप्पा १: आधी तारखा थांबवा

पैसे मिळायला वेळ लागतो. तारखा मात्र वाट पाहत नाहीत. परीक्षा फॉर्मची तारीख हुकली की विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क, आणि त्यानंतर थेट पुढचं सत्र. म्हणजे चार-पाच हजारांची मदत मिळेपर्यंत दोन हजारांचा दंड डोक्यावर बसलेला असतो.

म्हणून घटना घडल्यानंतर शक्य तितक्या लवकर, कागद गोळा होण्याची वाट न पाहता, एक साधा अर्ज द्या: "घरी अमुक घडलं आहे. कागदपत्रं येत्या काही दिवसांत देतो. तोपर्यंत फीच्या उरलेल्या हप्त्याला मुदत मिळावी आणि परीक्षा फॉर्म अडवू नये." हा अर्ज पैशांचा नाही, मुदतीचा आहे, त्यामुळे तो मान्य करणं प्राचार्यांना सोपं जातं. बहुतेक ठिकाणी हमीपत्र लिहून घेतात आणि फॉर्म पुढे पाठवतात. वसतिगृह आणि मेसलाही असाच एकेक अर्ज द्या.

गावी तेराव्यापर्यंत थांबावं लागत असेल तर अर्ज वर्गशिक्षकांना ईमेलने पाठवा आणि एखाद्या मित्राकरवी त्याची छापील प्रत ऑफिसात आवक करून घ्या. नुसत्या फोनवर भागवू नका. "सरांना सांगितलंय" याची नोंद कुठेच राहत नाही.

सावध: घाबरून टीसी काढू नका. "यंदा सोडतो, पुढच्या वर्षी बघू" असं म्हणत टीसी नेणारे पुष्कळ भेटतात. टीसी गेली की तुम्ही त्या कॉलेजचे विद्यार्थी राहत नाही आणि मदतीचा हक्कच संपतो. खंड घ्यावाच लागला तर हजेरी, टर्म आणि पुनर्प्रवेशाचा नियम परीक्षा विभागात विचारून घ्या आणि नाव पटावर ठेवून सुट्टीवर जाता येतं का ते बघा.

सावध: मोबाइलवर "पाच मिनिटांत कर्ज" देणारी ॲप्स या काळात हमखास समोर येतात. फोनमधले सगळे नंबर मागणारं ॲप उघडूसुद्धा नका. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

## टप्पा २: खड्डा मोजा

तारखा सांभाळल्या की एक कागद घ्या आणि हिशेब मांडा. वर्षभराचा नको, फक्त हे सत्र संपेपर्यंतचा. समितीला तुमच्या आयुष्याचा प्रश्न सोडवता येत नाही. तुम्हाला परीक्षेपर्यंत पोहोचवणं तिला जमू शकतं.

उदाहरणादाखल, मार्च ते मे असे तीन महिने धरू.

खर्च:
- मेस: दरमहा ३,००० प्रमाणे ९,०००
- खोलीभाडं: दरमहा २,००० प्रमाणे ६,०००
- परीक्षा फॉर्म: १,२००
- प्रवास: दरमहा ६०० प्रमाणे १,८००
- जर्नल, प्रोजेक्ट, झेरॉक्स: १,०००
- एकूण १९,००० रुपये

हाताशी असलेले:
- आत्या दरमहा १,५०० देणार: ४,५००
- दोन शिकवण्यांचे दरमहा १,५००: ४,५००
- मेसचं डिपॉझिट वळतं करून: १,०००
- एकूण १०,००० रुपये

कमी पडतात ९,००० रुपये. अर्जात हाच आकडा येणार.

हाताशी असलेले पैसे लपवायचा मोह होतो. "शिकवण्या घेतो हे सांगितलं तर मदत मिळणार नाही," असं मुलांना वाटतं. व्यवहारात उलट होतं. स्वतः काही करून उरलेलं मागणाऱ्याचा हिशेब खरा वाटतो, आणि चौकशीत शिकवण्यांची गोष्ट बाहेर आली तर सगळाच अर्ज संशयात येतो. "जमेल तेवढी मदत व्हावी" हे वाक्य मात्र कधीच लिहू नका. त्या शब्दांवर समिती तिला जमेल तेवढी म्हणजे सर्वांत लहान रक्कम मंजूर करते.

खर्चाची बाजूही एकदा चाळा. एसटीचा विद्यार्थी सवलत पास काढला आहे का? वसतिगृहात मध्येच रिकामी झालेली जागा आहे का? कॉलेजात कमवा आणि शिका योजना असेल तर तासावर काम मिळतं का? पुणे विद्यापीठात ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते आणि इतर विद्यापीठांतही तिची रूपं आहेत. समितीतलं कोणीतरी हे विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

## टप्पा ३: घरातच पडलेले हक्काचे पैसे शोधा

या टप्प्याकडे जवळजवळ सगळे दुर्लक्ष करतात, आणि मोठी रक्कम बहुतेक वेळा इथेच असते. कॉलेज फार तर काही हजार देईल. वडिलांच्या पासबुकातली एक ओळ दोन लाखांची असू शकते.

पासबुक भरून आणा. मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला ४३६ रुपये वजा झाल्याची नोंद शोधा. ती असेल तर वडिलांचा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा चालू होता. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख मिळतात. तिथेच २० रुपयांची नोंद असेल तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूसाठी २ लाख. बँकेत खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली असते आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. दावा त्याच शाखेत करायचा. बँक स्वतःहून फोन करत नाही. वडिलांची दोन-तीन खाती असतील तर सगळी पासबुकं बघा, मात्र खाती कितीही असली तरी विमा एकदाच मिळतो.

पीएफ कापला जात होता का? पगाराच्या पावतीवर बघा. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पीएफच्या रकमेशिवाय ईडीएलआय विम्याचे कमाल ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. आईला पेन्शन लागते आणि दोन मुलांना वयाच्या पंचविशीपर्यंत वेगळी पेन्शन मिळते. विशीतल्या मुलांना वाटतं, आपण सज्ञान झालो म्हणजे आपलं नाव गेलं. तसं नाही.

शेतकरी कुटुंब असेल आणि मृत्यू सर्पदंश, वीज, विजेचा धक्का, बुडणं, रस्ता अपघात अशा कारणाने झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत. सुतकाचे दिवस धरूनच हे ३० दिवस मोजले जातात.

वडील किंवा आई नोंदीत बांधकाम कामगार असतील आणि कार्डाचं नूतनीकरण झालेलं असेल, तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडून मृत्यूनंतरची मदत मिळतेच, शिवाय मुलांच्या पदवी शिक्षणासाठी दरवर्षी वेगळं अर्थसहाय्य आहे.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातली कमावती व्यक्ती १८ ते ५९ वयात गेली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपये. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर विचारा.

आजारपण असेल तर क्रम थोडा बदलतो. दवाखान्याचं बिल घरचे पैसे संपवत असतं, म्हणून आधी ते बिल कमी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजना त्या रुग्णालयात लागू आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रुग्णालय धर्मादाय असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी राखीव खाटा असतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, काउंटरवरच्या क्लार्कला नाही.

तपासा: फीची पावती हातात घेऊन खालपर्यंत वाचा. ट्यूशन, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना या मोठ्या ओळींखाली दहा, वीस, चाळीस रुपयांच्या बारीक ओळी असतात: विद्यार्थी कल्याण निधी, आपत्ती निवारण निधी, समूह विमा. तुम्ही दरवर्षी भरलेले हेच ते पैसे. समूह विम्याची ओळ असेल आणि अपघात तुमचा स्वतःचा झाला असेल तर वेगळा दावा होतो. काही विद्यापीठांच्या योजनेत पालकाच्या अपघाती मृत्यूचाही समावेश असतो. कॉलेजच्या ऑफिसात त्या वर्षीच्या विम्याचं परिपत्रक मागून घ्या.

हे दावे कितीही मोठे असले तरी ते आज हातात येत नाहीत. त्यामुळे कॉलेजचा अर्ज त्यांच्यासाठी थांबवू नका. अर्जात मात्र लिहा: "विम्याचा दावा दाखल केला आहे, रक्कम येण्यास वेळ लागेल." हे लिहिल्याने मदत नाकारली जात नाही. लपवलं आणि नंतर कळलं तर नाकारली जाते.

## टप्पा ४: कागद लावा

कागद तीन गटांत विभागा. पहिला गट घटनेचा, दुसरा पैशांचा, तिसरा तुमचा.

घटनेचा कागद. मृत्यू असेल तर मृत्यूचा दाखला. इथली सर्रास होणारी चूक म्हणजे दाखल्यासाठी गावच्या ग्रामपंचायतीत खेपा घालणं. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. गाव बार्शी तालुक्यातलं असलं आणि मृत्यू पुण्यात ससूनला झाला असला तर दाखला पुणे महापालिकेकडून मिळतो. नोंदीची मुदत २१ दिवसांची. रुग्णालय ती कळवतं, पण नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे आहे ना हे नोंद होण्याआधी पाहून घ्या. नंतरची दुरुस्ती फार रखडते. प्रती पाच-सहा काढून ठेवा, विमा, पीएफ, बँक सगळीकडे लागतात.

आजार असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि बिलं, नोकरी सुटली असेल तर कंपनीचं पत्र. कंपनी पत्र देत नसेल तर शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या नोंदी असलेलं बँक स्टेटमेंट, ज्यात पगार येणं थांबलेलं दिसतं. पीक गेलं असेल तर पंचनाम्याची प्रत किंवा नुकसानीच्या यादीतलं नाव, आणि सातबारा.

पैशांचा कागद, म्हणजे उत्पन्नाचा दाखला. सगळ्यात जास्त घोळ इथे. तहसीलदारांचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न सांगतो. वडील डिसेंबरात गेले, आणि हातातला दाखला सांगतो की कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाख आहे. कागदावर तुम्ही सुस्थितीत. अशा वेळी दोन गोष्टी करा. जुना दाखला जोडाच, आणि त्यासोबत एक स्वयंघोषणापत्र द्या: या तारखेपर्यंत घरात किती येत होतं, कोणाकडून, त्या तारखेनंतर किती येतं, कोणाकडून. खाली आईची आणि तुमची सही. त्याला घटनेच्या कागदाचा आधार आहे, म्हणून ते ग्राह्य धरायला समितीला अडचण नसते. नवा दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून मागवून ठेवा आणि आला की जोडा.

महाराष्ट्रात २०१५ पासून सरकारी कामात स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रती चालतात. दाखल्यांसाठी पाचशेचा स्टॅम्प पेपर घ्यायला कोणी सांगितलं तर आधी नियम दाखवायला सांगा. ज्याच्या घरी मेसचे पैसे नाहीत त्याला स्टॅम्प आणि नोटरीसाठी हजार रुपये खर्च करायला लावणं, हा प्रकार आपल्याकडे अजून निर्ढावलेपणाने चालतो.

तुमचे कागद. ओळखपत्र, चालू वर्षाची फीची पावती, मागच्या सत्राची गुणपत्रिका, आधार, आणि तुमच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्याचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक.

तपासा: खातं चालू आहे ना? दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं. दहावीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, फारसं न वापरलेलं खातं देऊन मुलं मोकळी होतात, आणि मंजूर झालेली रक्कम परत येते. शंभर रुपये भरून आणि काढून बघा. महाडीबीटीसाठी मात्र वेगळी गोष्ट: तिथे पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात जातो, अर्जात कोणता नंबर लिहिला याला महत्त्व नसतं. बँकेत केवायसी झालं म्हणजे आधार सीडिंग झालं असं नाही. तसं स्पष्ट विचारा.

## टप्पा ५: कोणाकडे, कोणत्या क्रमाने

थेट कुलगुरूंना किंवा आमदारांना पत्र लिहिणारे बरेच असतात. ते पत्र शेरा मारून शेवटी कॉलेजातच येतं, पंधरा दिवसांनी. क्रम असा धरा.

१. वर्गशिक्षक किंवा विभागप्रमुख. त्यांच्या शिफारशीच्या दोन ओळी अर्जाच्या खाली घ्या. हजेरी आणि वागणूक ते सांगू शकतात.

२. कॉलेजचे विद्यार्थी विकास अधिकारी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळ असतं, आणि त्याच्या योजना कॉलेजात सहसा याच अधिकाऱ्यांमार्फत येतात. बहुतेक ठिकाणी हे एखादे प्राध्यापकच असतात, जादा जबाबदारी सांभाळणारे. तास संपल्यावर भेटा.

३. प्राचार्य. कॉलेजचा स्वतःचा निधी त्यांच्या सहीने सुटतो. त्याचं नाव सगळीकडे वेगळं: विद्यार्थी सहाय्यता निधी, गरीब विद्यार्थी निधी, माजी विद्यार्थी संघाचा निधी. जुन्या कॉलेजांत अजून त्याला पुअर बॉइज फंड म्हणतात आणि तो मुलींनाही मिळतो. नावावरून अंदाज बांधू नका. विचारताना "अशा प्रसंगी मदतीसाठी आपल्याकडे कोणता निधी आहे?" असंच विचारा.

४. विद्यापीठ. कॉलेजमार्फत विद्यार्थी विकास मंडळाकडे. तुम्ही विद्यापीठाच्या आवारातल्या विभागात शिकत असाल तर विभागप्रमुखांमार्फत. परस्पर दिलेला अर्ज "योग्य मार्गाने यावा" असा शेरा घेऊन परततो.

अभियांत्रिकी, वैद्यकीय, खासगी विद्यापीठ इथे टेबलांची नावं बदलतात, क्रम बदलत नाही.

## टप्पा ६: अर्ज लिहा

एक पान. त्याहून मोठा अर्ज कोणी पुरा वाचत नाही, आणि तुमच्या दुःखाचं वर्णन जितकं लांबतं तितका आकडा खाली जातो. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, दुसऱ्यात काय घडलं आणि कधी, तिसऱ्यात किती कमी पडतात, चौथ्यात काय मागता. नमुना:

> प्रति,
> मा. प्राचार्य,
> (कॉलेजचे नाव)
>
> मार्फत: मा. विद्यार्थी विकास अधिकारी
>
> विषय: वडिलांच्या निधनामुळे चालू सत्राच्या खर्चासाठी तातडीचे अर्थसहाय्य मिळणेबाबत.
>
> महोदय,
> मी तृतीय वर्ष बी.एस्सी. (रसायनशास्त्र) या वर्गात शिकत असून माझा पीआरएन क्रमांक … आहे. मागील सत्रात मी सर्व विषयांत उत्तीर्ण आहे.
>
> माझे वडील खासगी कंपनीत नोकरीस होते. दि. … रोजी त्यांचे निधन झाले. कुटुंबात त्यांचे एकट्याचेच उत्पन्न होते. सध्या आई व लहान भाऊ गावी असून आईला शेतमजुरीतून अनियमित उत्पन्न मिळते.
>
> सत्र संपेपर्यंतच्या तीन महिन्यांत मला १९,००० रु. खर्च आहे. नातेवाईक, शिकवण्या व मेसच्या डिपॉझिटमधून १०,००० रु. उभे राहतात. ९,००० रु. कमी पडतात. सविस्तर हिशेब सोबत जोडला आहे. परीक्षा फॉर्मची अंतिम तारीख … आहे.
>
> तरी मला ९,००० रु. अर्थसहाय्य मिळावे, ही विनंती. पूर्ण रक्कम शक्य नसल्यास परीक्षा शुल्क व दोन महिन्यांचा मेसचा खर्च (७,२०० रु.) प्राधान्याने मिळावा. पीएफ व विम्याचा दावा दाखल केला असून त्यास वेळ लागणार आहे.
>
> सोबत: (१) मृत्यू दाखला (२) उत्पन्न दाखला व स्वयंघोषणापत्र (३) खर्चाचा हिशेब (४) फी पावती (५) गुणपत्रिका (६) पासबुक प्रत

"पूर्ण रक्कम शक्य नसल्यास" हे वाक्य विसरू नका. निधी कमी असला की समितीला मधला रस्ता लागतो. तो तुम्हीच आखून दिलात तर कात्री योग्य जागी लागते.

तपासा: अर्जातली तारीख, मृत्यू दाखल्यावरची तारीख आणि स्वयंघोषणापत्रातली तारीख एकच आहे का? अर्जातलं तुमचं नाव आणि पासबुकावरचं नाव तंतोतंत जुळतं का? हिशेबाची बेरीज पुन्हा करा. सतराशेच्या जागी सात हजार पडले तर कोणी चूक म्हणून सोडून देत नाही.

## टप्पा ७: द्या, पोच घ्या, पाठपुरावा करा

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्लार्क "ठेवा इथे, बघतो" म्हणाले तर नम्रपणे थांबा आणि पोच घेऊनच निघा. उद्या कागद हरवला तर तुमच्या हातात तो क्रमांक एवढाच पुरावा.

मग विचारा: समितीची बैठक कधी? कागदात काही कमी आहे का? दर आठवड्याला एकदा, आवक क्रमांक सांगून विचारणा करा. रोज जाऊन उभं राहिल्याने काम लवकर होत नाही, आणि महिनाभर न गेल्याने तुम्हाला गरज उरली नाही असं समजतात.

बोलावलं तर जा. तिथे बहुधा चारच प्रश्न असतात: घरी आता कोण कमावतं, राहता कुठे, आतापर्यंत काय सोय केली, आणि पुढच्या सत्राचं काय ठरवलंय? रडू आलं तर आलं, त्यात लाज नाही. पण हिशेबाचा कागद हातात असू द्या. जातीचा, आजाराचा किंवा घरातल्या भांडणाचा तपशील चारचौघांत सांगायची इच्छा नसेल तर "हे मी लेखी देऊ का?" असं विचारा.

या सगळ्या धावपळीत झोप उडाली असेल, अभ्यासाला बसवतच नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

सावध: मंजुरीसाठी "फाइल पुढे सरकवायला" कोणी पैसे मागितले, किंवा ओटीपी, प्रक्रिया शुल्क असं काही मागितलं, तर थांबा. कॉलेजचा निधी देताना विद्यार्थ्याकडून एक रुपयाही घेतला जात नाही.

## टप्पा ८: बाहेरच्या मदतीची गाडी समांतर सुरू ठेवा

गाव दुष्काळी किंवा अतिवृष्टीग्रस्त जाहीर झालं असेल तर परीक्षा शुल्क माफीबद्दल ऑफिसात आवर्जून विचारा. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हाच्या सवलतींमध्ये विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी होती. अशा माफीचं परिपत्रक सूचनाफलकावर एकदा लागतं आणि चार दिवसांत त्यावर दुसरं लागतं. मुलांनी शुल्क भरून टाकलेलं असतं आणि परताव्यासाठी कोणी अर्जच करत नाही.

महाडीबीटी: वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीपासून इतर योजनांपर्यंत प्रवर्गानुसार बघा. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. बाहेर राहण्याच्या खर्चासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना स्वयम्, अल्पभूधारकांच्या आणि नोंदीत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. गेल्या वर्षी उत्पन्न जास्त म्हणून अपात्र ठरला असाल तर यंदा पुन्हा भरा. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनला अडकलेला नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहा.

खासगी शिष्यवृत्त्यांमध्ये एचडीएफसी बँकेच्या परिवर्तन उपक्रमातली ईसीएसएस शिष्यवृत्ती या विषयाला जवळची आहे, कारण घरावर अलीकडे संकट आलेल्यांना तिच्यात प्राधान्य असतं. आजवरच्या जाहिरातींत वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि किमान ५५ टक्के गुण अशा अटी होत्या. पुण्यात शिकणार असाल तर पुढच्या वर्षासाठी विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाची प्रवेशप्रक्रिया लक्षात ठेवा. दोन्हीकडे निर्णयाला वेळ लागतो, म्हणून ही सोय पुढच्या वर्षाची धरा.

सोशल मीडियावर फोटो आणि खाते क्रमांक टाकून वर्गणी गोळा करणं शक्यतो टाळा. पैसे थोडे येतात, फसवणुकीचे फोन जास्त. अगदीच करायचं तर वर्गमित्रांपुरतं ठेवा आणि एखाद्या शिक्षकांच्या देखरेखीखाली.

## टप्पा ९: रक्कम मिळाल्यावर, किंवा नाकारल्यावर

मिळाली तर ज्या कारणासाठी मागितली त्याच्या पावत्या ठेवा. मेसची पावती, परीक्षा फॉर्मची पावती, एवढं पुरतं. महिन्याभरात त्यांच्या प्रती विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे नेऊन द्या, मागितल्या नसल्या तरी. लेखापरीक्षणात तो निधी टिकतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला देताना हात आखडत नाही.

नाकारली तर कारण लेखी मागा. कारणं साधारण तीन: निधी संपला, कागद अपुरे, किंवा नियमात बसत नाही. निधी संपला असेल तर अर्ज विद्यापीठाकडे पाठवण्याची विनंती करा आणि तोपर्यंत हप्त्यांची मुदत वाढवून घ्या. कागद अपुरे असतील तर फक्त तेवढेच जोडून जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ देत पुन्हा द्या, नवा अर्ज करू नका. नियमात बसत नसेल तर नियमाची प्रत मागा. पुष्कळदा तो नियम शिष्यवृत्तीचा असतो आणि तातडीच्या मदतीला चुकून लावलेला असतो.

सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवा. एप्रिल उजाडला की नवीन आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला लगेच मागवा. निकाल लागण्याच्या सुमारास सेतू केंद्रांत झुंबड उडते, आणि घटलेलं उत्पन्न दाखवणारा दाखला पुढच्या वर्षीच्या महाडीबीटीच्या अर्जाला आणि वसतिगृहाच्या अर्जालाही लागणार आहे.